पाती काढलेला पंप

रायबंदरच्या धक्क्यावर गाडी तापायची.
चढावर नाही, हायवेवर नाही,
इथे, रांगेत, एकाच जागी,
दुपारची फेरी पलीकडे चोडणला टेकलेली
आणि माझ्या फियाटचा काटा लाल खुणेकडे सरकणारा,
जेवणाची वेळ साधून येणाऱ्या शेजाऱ्यासारखा.

सुलक्षा म्हणाली, दोष इंजिनाचा नाही, पट्ट्याचा.
इंजिन पळतं तेव्हा पंप पळतो,
इंजिन रेंगाळतं तेव्हा पंपही पेंगतो,
आणि मामा, तुझी गाडी तापते ती रेंगाळताना.
भाचीने फर्मागुढीला चार वर्षं काढली.
मी एकतीस वर्षं फेरीबोटीच्या पोटात होतो.
तिथे मांडवी आत यायची, इंजिन निववून परत जायची,
गाळ, शेवाळ,
एकदा तर गाळणीत जिवंत काळुंदर.
पंपाला कोणी विचारलं नाही, तुला कधी फिरायचंय.

शनिवारी तिने बॉनेट उघडलं.
रेडिएटरखाली शालनची परात, न विचारता.
गंजाचं पाणी उतरलं, आगळाच्या रंगाचं.
जुना पंप उलटा धरून तिने मला
त्याच्या पोटाखालचं बारीक भोक दाखवलं,
कडेने सुकलेला पांढरट ओघळ.
हा कधीपासून रडतोय, तुला माहीत होतं?
माहीत होतं.
दर रविवारी मी एक तांब्या पाणी भरत होतो
आणि कोणाला सांगत नव्हतो.

पंप कायतान मेस्ताकडे गेला.
त्याच्या प्रेसवर आसावरची पाती निघाली,
बाकी सगळं होतं तसं परत आलं,
बेअरिंग नवं, पुली जुनीच.
पाती नाहीत तर ही कशाला, मी विचारलं.
पंखा तर तू गेल्याच वर्षी विजेचा केलास.
ती स्पॅनर पुसत म्हणाली,
हिच्यावरून वळल्याशिवाय पट्टा अल्टरनेटरपर्यंत पोचत नाही.
फिरू दे. काम काही नाही तिला.

मी चहा टाकायला आत गेलो.
जरा जास्तच वेळ आत होतो.

नवा पंप मुठीएवढा, काळ्या प्लास्टिकचा,
खालच्या होजमध्ये दोन क्लिपांनी आवळलेला.
एक रिले, एक फ्यूज, तापमान चाखणारी एक सुई,
आणि डॅशबोर्डखाली डबी, सगळं ठरवणारी.
थर्मोस्टॅट काढून तिने माझ्या हातावर ठेवला,
पितळी, कोमट, निरोप दिलेल्या माणसासारखा गप्प.
थंड इंजिनात नवा पंप जरा बोलतो, थांबतो,
पुन्हा जरा बोलतो,
पहिल्यांदा जेवायला आलेला जावई.

परातीवरून शालन दोन दिवस बोलली नाही.

सोमवारी रायबंदर. पुढे अकरा गाड्या, एक टेम्पो, वर ऊन.
काटा मध्यावर आला आणि तिथेच राहिला.
मी त्याच्यावर नजर रोखून होतो,
तो काही हलला नाही.
गाडी फळीवरून आत घेतली, चावी काढली.
इंजिन गप्प.
आणि पुढे, पायांच्या पलीकडे, कोणीतरी गुणगुणतच होतं.

खलाशी पोर नवं, मला ओळखत नाही.
काचेवर टकटक केलं, काका, इंजिन बंद कर.
मी चावी उंच धरून दाखवली.
त्याने चावीकडे पाहिलं, बॉनेटकडे पाहिलं,
वगी रावलो, आणि पुढच्या स्कूटरकडे गेला.

खाली डेकच्या पत्र्यातून माझं जुनं इंजिन
टाचांत येत होतं,
तिसऱ्या सिलिंडरला जराशी खोकली, अजून तशीच.
वर हे.
नदीच्या मध्यावर कुठेतरी गुणगुण थांबली,
कोणी न सांगता.
पाणी पुरेसं निवलं, एवढंच.
मी हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिलो.

चोडणला फळी पडली.
चावी फिरवली, पट्टा हलला,
आणि बॉनेट न उघडताच मला कळलं,
ती फिरते आहे,
रिकामी,
इंजिनाच्या बरोब्बर त्याच वेगाने.